अक्काची खिडकीची जागा

दि. ३ मार्च

चि. धाकटीस,

अ. उ. आ. आशीर्वाद नेहमीचेच आहेत, बाकी पत्र रागाचं आहे. दुकानात गिऱ्हाईक असेल तर आत्ता वाचू नकोस.

फोन का करत नाहीस म्हणशील. माझा फोन इथे परदेशात चालत नाही, आणि मोठ्याचा फोन म्हणजे चव्हाटा. तो जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवतात, आवाज मोठा करतात, आणि तू 'कशी आहेस' विचारलंस की माझा लेक, सूनबाई आणि कडेवरचा नातू असे तिघंही माझ्या तोंडाकडे बघत बसतात. अशा वेळी माणूस 'मजेत' सोडून दुसरं काय सांगणार? मागे तू म्हणालीस, अक्काचा आवाज किती छान येतोय. आवाजच तेवढा छान होता.

मी आले सुनेच्या बाळंतपणाला, थंडी संपेपर्यंत राहायच्या बोलीवर. परतीचं तिकीट आपल्या कोपऱ्यावरच्या एजंटकडून काढूनच निघाले होते, तू बरोबर होतीस. ती तारीख मोठ्याने एकदा पुढे ढकलली. नातवाला ताप होता, मी गप्प बसले. आता कळतंय की त्याने ती पुन्हा ढकलली, थेट ऑगस्टात. मला कळलं कसं, तर सूनबाई फोनवर तिच्या आईला सांगत होती आणि मी शेजारी दुपटी घडी घालत होते.

आणि आता हे बस प्रकरण. बेबीच्या मुलीचं पाळणाघर मेमध्ये दुरुस्तीसाठी बंद होतंय. म्हणून मोठ्याने काय करावं, तर मला बहिणीच्या, म्हणजे बेबीच्या गावी पाठवायचं ठरवलं. काल टेबलावर कॉम्प्युटर उघडून तिकीट काढणं चाललं होतं. फोनवर बेबी, समोर सूनबाई. आई सकाळी निघू दे की दुपारी, खिडकीची जागा घेऊ की मार्गाजवळची, डिकीत दोन बॅगा चालतील ना, सगळं एकमेकांना विचारून झालं. मी तिथेच बसले होते, धाकटे, शेंगा सोलत. मला एवढंच विचारलं की आई, तुझ्या पासपोर्टावर नाव कसं लिहिलंय. पासपोर्ट मोठ्याच्या कपाटात असतो, जपून. माझ्याकडे हरवेल म्हणतो.

थेट बस आहे, पण ती मोठा ऑफिसात असताना सुटते. म्हणून मधल्या शहरात गाडी बदलायची, म्हणजे मला सोडायला येणं त्याला सोयीचं. चौदा मेचं तिकीट काढलं. मग तो माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, खिडकीची जागा घेतलीय बरं का तुला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला पार्सल केलंय यांनी. इकडचा पत्ता खोडायचा आणि तिकडचा घालायचा.

दुकान कसं आहे? माझ्या मशिनवर धूळ बसू देऊ नकोस.

लोभ आहेच. सध्या तोच एक धड आहे.

तुझी,
अक्का

---

दि. १८ मार्च

ती. अक्कास,

सा. न. वि. वि. यातला नमस्कार तेवढा घे. विनंती करून करून मी थकले, ती या खेपेला नाही.

तू रागावलीस हे वाचून बरं वाटलं, पण चुकीच्या माणसाला लिहिलंस. मी इथून काय करू? मोठ्याने पहिल्यांदा तारीख बदलली तेव्हा तुझ्या तोंडाला कुलूप होतं का? नातवाला ताप होता म्हणतेस. ताप उतरल्यावर कुलूप का नाही निघालं? पार्सल केलं म्हणून रडू नकोस माझ्यापाशी. स्वतःची दोरी स्वतः बांधून घेणारं पार्सल मी तरी पहिल्यांदाच बघतेय.

आता माझं ऐक. नर्सिंगच्या शाळेचे गणवेश आपल्याला मिळालेत. एवढं मोठं काम आपल्या दुकानात कधी आलं नव्हतं. मोठ्या बाई स्वतः येऊन गेल्या. नमुना म्हणून त्यांनी तू मागे बेतलेला कोटच पुढे केला आणि म्हणाल्या, हाच हात हवा. मी तुझ्या जिवावर हो म्हणून बसले. जून उजाडला की बेतायला घ्यायचं, नाहीतर शाळा उघडायच्या आत होत नाही. शिवायला मी रात्रंदिवस बसेन, पण बेतणं तुझं, ते मला कधी जमलं नाही. परवा हट्टाने एक कापड घेऊन बसले. कॉलर अशी झाली की घालणारीला मान वळवायची सोय नाही. काजं करणारी पोट धरून हसली. मी दार आपटून आत गेले.

ऑगस्टात येऊन काय करशील, गणवेश घातलेल्या मुली बघशील? मोठ्या बाईंना मी मेअखेरपर्यंत उत्तर देते म्हटलंय. तोवर तू आली नाहीस तर मी नाही म्हणून कळवते आणि तुझ्या खिडकीतली जागा काजंवालीला देते. ती गेले वर्षभर त्या उजेडाकडे डोळा लावून आहे. हे मी चिडून लिहितेय, पण खोटं लिहीत नाही.

मोठ्याला तोंडावर सांग. तुझाच मुलगा आहे, कापून टाकणार नाही तुला.

लोभ कमी झाल्यास जबाबदार तू.

तुझी बहीण,
कात्रीवाचून बसलेली

---

दि. २ एप्रिल

चि. धाकटीस,

अ. उ. आ. तुझं पत्र वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. आधी तुझ्यावर, मग माझ्यावर. काजंवालीला सांग, तिने माझ्या खिडकीत पाय ठेवला तर मी तिची सगळी काजं शिवून बंद करीन.

तू म्हणालीस तसं मोठ्याला तोंडावर सांगितलं. जेवताना, फोन टेबलावर नव्हता तेव्हा. म्हटलं, मला मेमध्ये घरी जायचंय, काम आलंय. तो आधी हसला. मग समजावणीच्या सुरात म्हणाला की आता कशाला डोळे फोडून घेतेस, इथे काय कमी आहे. मी पुन्हा म्हटलं, मला जायचंय. तेव्हा तो बोलला ते जसंच्या तसं लिहिते. म्हणाला, "आई, तिथे तुझं आहे काय? दोन मशिनं?"

धाकटे, ज्या मशिनवर त्याच्या शाळेच्या चड्डीपासून इथे येतानाच्या कोटापर्यंत सगळं शिवून निघालं, त्याच्याबद्दल हे. तो वाईट मुलगा नाही. रोज रात्री माझ्या खोलीत हीटर चालू आहे ना बघून जातो. पण मला काही हवं असेल हे त्याच्या डोक्यातच येत नाही. मी ताट घेऊन उठले आणि ते दोनदा घासलं.

दुसऱ्या दिवशी नातवाला बाबागाडीत घालून बसस्टँडवर गेले. घरापासून लांब नाही. मोठी काचेची इमारत, आत बाकं, भिंतीवर पाटी पालटत राहते. तिकिटं मशिनातून निघतात, पण कोपऱ्यात एक खिडकी अजून आहे आणि तिच्यामागे चष्मा कपाळावर चढवलेली एक बाई. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. मी तिला मधल्या शहराचं नाव दाखवलं आणि दोन्ही हात पसरून विमान करून दाखवलं. नातू खूष, बाई खूष. तिने छापील वेळापत्रक काढलं आणि एका ओळीखाली पेनाने रेघ मारून दिली. धाकटे, मधल्या शहराच्या स्टँडवरून विमानतळाची बस सुटते. त्याच स्टँडवरून, जिथे मला गाडी बदलायला उतरवणार आहेत.

आता नीट वाच. बसच्या तिकिटावर नाव असतं आणि चढताना परदेशी माणसाचा पासपोर्ट बघतात. म्हणजे चौदा मेला मोठा स्वतःच्या हाताने कपाट उघडून माझा पासपोर्ट मला देणार. तू एजंटकडे जा. माझं विमान चौदा मेच्या रात्रीचं कर. वेळापत्रकाचं पान सोबत घातलंय, त्याला दाखव आणि विचार की जमतंय का. जमत असेल तर उत्तरात फक्त 'कापड मिळालं' असं लिही. मोठा माझी पत्रं उघडत नाही, पण सूनबाई टेबलावर ठेवताना पाठीमागून उजेडात धरते असा मला संशय आहे.

बेबीला वेगळं लिहितेय. तिला अंधारात ठेवून तोंडघशी पाडायचं नाही.

तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही, लोभाच्या बाजूलाच बसलाय.

तुझी,
अक्का

---

दि. ३ एप्रिल

चि. बेबीस,

अ. उ. आ. पोरीचा खोकला कमी झाला असेल. तिच्यासाठी फ्रॉक शिवतेय, हातशिलाईनेच, कारण इथे मशिन नाही.

स्पष्ट लिहिते. माझं बसचं तिकीट तू आणि दादाने मिळून काढलंत, मला विचारलं नाहीत. तू हिवाळ्यात तापाने पडली होतीस तेव्हा मी न बोलावता आले आणि तू बरी होईपर्यंत हलले नाही. आता तसं नाही. पाळणाघर बंद होणार आहे आणि आई रिकामी आहे, एवढंच आहे. आई रिकामी नाही. घरी काम आलंय आणि मला ते करायचंय. तेव्हा पोरीची दुसरी सोय आजपासून बघायला लाग. वेळ भरपूर आहे.

तरीही तुझी खरंच अडचण असेल तर एक कर. दादाला नाही, मला पत्र लिही आणि विचार, आई, येशील का? एवढंच. मी विचार करीन. उत्तर आलं नाही तर तुझी सोय झाली असं समजेन.

लोभ मागायची वेळ आईवर येऊ नये, पण असू दे.

तुझी,
आई

---

दि. १९ एप्रिल

ती. अक्कास,

सा. न. वि. वि. कापड मिळालं. हवं तसं, हव्या त्या रंगाचं.

कापडवाल्याने आधी बरेच आढेवेढे घेतले. म्हणाला, तुमच्या भाच्याने ऑगस्टचं सांगितलंय, त्याला विचारतो. मी म्हटलं, कापडावर नाव कुणाचं आहे? भाच्याचं आहे का? मग अंगावर घालणारीला विचारा. तो म्हणाला, बाई, हळू बोला, लोक ऐकतायत. मी म्हटलं, ऐकू देत.

दोन मशिनं म्हणाला का तो? ते वाक्य मी दिवसभर तोंडात घोळवत होते. इतकी चिडले होते की दोन सुया मोडल्या. पुढच्या वेळी फोन आला आणि मावशी, मजेत ना, असं विचारलं, तर त्याला सांगणार आहे की एक मशिन बोलतंय.

आता काळजीचं, म्हणून पान चौपदरी घडी घालून टाकतेय, उजेडात धरलं तरी दिसणार नाही. गाडी चुकली तर? उतरायचं ठिकाण चुकलं तर? तुझं धाडस माझ्या ओळखीचं आहे. आपल्या गल्लीतून बाजारात जायचं तरी तू दोघांना रस्ता विचारतेस. जे जे दाखवावं लागेल ते मोठ्या अक्षरात लिहून कनवटीला ठेव. मुलांना मागे ठेवून जातेस, तर चिठ्ठी ठेव, पोरं घाबरता कामा नयेत. मी कितीही चिडले तरी ती माझीही आहेत.

आणि ऐक. बेबीचं उत्तर आलं आणि तिला खरंच नड असेल, तर तू तिच्याकडेच जा. मी मोठ्या बाईंना नाही म्हणून कळवीन आणि तुला एका शब्दाने बोलणार नाही. पत्राने बोलेन.

लोभ सैल शिवलाय, वाढायला जागा आहे.

तुझी,
धाकटी

---

दि. २५ मे

ती. आईस,

सा. न. वि. वि. आयुष्यात पहिल्यांदा पत्र लिहितोय, कारण दुसरा मार्ग तू ठेवला नाहीस. फोन केला की मावशी उचलते, अक्का बेतायला बसलीय, पत्र टाक म्हणते आणि ठेवून देते.

मी अजून शांत झालेलो नाही. तुला बसमध्ये बसवलं, काचेतून हात केला, तूही केलास. तुझ्या मांडीवर एक गाठोडं होतं, मी म्हटलं डिकीत टाकू, तर तू म्हणालीस राहू दे. तेव्हाच तुझ्या मनात होतं ना? मी घरी येऊन झोपलेल्या पोराला सांगत होतो की आजी आता आत्याकडे पोचेल. आणि संध्याकाळी बेबीचा रडत फोन, दादा, बसमधून आई उतरलीच नाही. ड्रायव्हरने तिच्या हातात गाठोडं दिलं. तुझ्या सीटवर, पट्टा लावलेलं. चिठ्ठी सापडेपर्यंत आम्ही दोघांनी काय काय विचार केला असेल याची तुला कल्पना आहे?

भाषा येत नाही, रस्ता माहीत नाही, आणि तू एकटी विमानतळावर गेलीस. काही झालं असतं म्हणजे? लोक मला काय म्हणाले असते? आम्ही तुला काय कमी केलं ते तरी सांग. मी तुझ्यासाठी थेट उन्हाळ्यापर्यंतची सगळी आखणी करून ठेवली होती. रागावली होतीस तर नीट सांगायचं होतंस.

सूनबाई म्हणते, सांगितलं होतं त्यांनी, जेवताना, दोनदा. त्यावरून आमचंही भांडण झालं.

तुझा,
मोठा

---

दि. २६ मे

ती. आईस,

सा. न. वि. वि. दादा जे लिहील त्याला माझं अनुमोदन समज. मी त्याच्याहून जास्त चिडलेय. स्टँडवर सगळे उतरून गेले, मी रिकाम्या बसमध्ये चढून वाकून वाकून सीटांखाली बघत होते, आणि तो ड्रायव्हर हसत होता. त्याच्या हातातून गाठोडं अक्षरशः ओढून घेतलं मी.

पाळणाघर बंद, कामावर सुट्टी नाही. पहिला आठवडा शेजारच्या बाईंनी पोरीला सांभाळलं. त्या सांभाळतील हे मला आधी सुचलंही नव्हतं, कारण तू होतीस.

आज पत्र लिहायला बसले तेव्हा वाटलं, तुझंही आलं असेल, म्हणून टपालाच्या पेटीची किल्ली शोधली. आई, आम्ही ती पेटी उघडतच नाही. आत जाहिराती असतात, सहा महिन्यांतून एकदा सगळा गठ्ठा केरात जातो. आज त्यात तुझं एप्रिलचं पत्र सापडलं. मी ते जिन्यात बसून वाचलं. अजून चिडलेलीच आहे, पण आता कुणावर ते नक्की कळत नाही.

फ्रॉक बरोबर बसला. खांद्यात थोडा मोठा आहे, तो तू मुद्दाम ठेवला असशील. पोरगी तो काढायला तयार नाही.

उशीर झालाय, पण विचारते. आई, येशील का?

तुझी,
बेबी

---

दि. १२ जून

चि. मोठा आणि चि. बेबी,

दोघांना अ. उ. आ. एकाच पत्रात लिहितेय, म्हणजे ते वाचायला तरी तुम्ही एकमेकांशी माझ्या तिकिटाशिवाय दुसरं काही बोलाल.

मोठ्या, काही झालं असतं म्हणजे, असं तू विचारतोस. भीती मलाही होती. मधल्या शहरात उतरले तेव्हा कनवटीचा कागद तीनदा काढून बघितला. पण मला आधी दुसऱ्या बसमध्ये चढायचं होतं, गाठोडं ठेवायला. ड्रायव्हरने तिकीट बघितलं, पासपोर्ट बघितला, मान हलवली. मी माझ्या खिडकीच्या जागेवर गाठोडं ठेवलं, पट्टा लावला आणि खाली उतरायला लागले, तर तो आडवा आला. त्याने गाठोडं उघडून आतला फ्रॉक उलटापालटा केला. मग बोट हलवून नाही म्हणाला. मी त्याला बेबीचं नाव लिहिलेला कागद दाखवला आणि तिकीट दाखवलं. म्हटलं, जागा माझी आहे, तिच्यावर मी बसायचं की माझं गाठोडं, हे मी ठरवीन. तो त्याच्या भाषेत भांडला, मी आपल्या भाषेत. दोघांनाही सगळं कळलं. शेवटी त्याने कपाळाला हात लावला आणि पट्टा आणखी घट्ट केला. माझ्या त्या साऱ्या मुक्कामात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी पूर्ण भांडण केलं. फार बरं वाटलं.

विमानतळाच्या बसमध्ये मात्र रडले. तुमच्यापासून लांब जातेय म्हणून रडले, आणि तरीही जायचंच आहे म्हणूनही. मागे फिरावंसं एकदाही वाटलं नाही. तुम्हाला घाबरवलं ते चूक, तेवढं पदरात घेते. चिठ्ठी गाठोड्याच्या तळाशी न ठेवता वर टाचायला हवी होती.

काय कमी केलं म्हणतोस? काही नाही. हीटर होता, दूध होतं, खिडकीची जागा होती. आम्ही माप घेतो तेव्हा गिऱ्हाईकाला समोर उभं करतो, हात वर करायला सांगतो, विचारतो की सैल हवं की घट्ट. लहान पोरालाही विचारतो. तू माझ्या उन्हाळ्यापर्यंतचं सगळं बेतलंस आणि मी समोर शेंगा सोलत होते. राग त्याचा आहे. तो अजून आहे आणि थोडे दिवस राहील. तुम्हीही तुमचा ठेवा, घाई नाही.

बेबी, तू विचारलंस. येईन. हे गणवेश पुरे झाले की तुझ्याकडे येईन. सांभाळायला नाही, राहायला. बसचं तिकीट दादाच्या गावच्या स्टँडवर खिडकीत बसते त्या बाईकडून मी स्वतः काढीन, थेट गाडीचं. जायचं आणि यायचं, दोन्ही. यायची तारीख मी घालणार आणि ती कुणी हलवायची नाही. शेजारच्या बाईंचं माप पाठव, त्यांना काहीतरी शिवून आणते. फ्रॉक खांद्यात मुद्दाम मोठा ठेवलाय. किती दिवसांनी भेट होईल ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

मावशी तुम्हाला आशीर्वाद सांगतेय, रागाचेच. काजंवाली तिच्या जागेवर आहे. मोठ्या बाई काल पहिला कोट घेऊन गेल्या, जाताना त्यांनी कॉलरवरून बोट फिरवलं.

आणि मोठ्या, तिथे तुझं आहे काय, असं तू विचारलं होतंस. त्या वेळी मी ताट घेऊन उठले होते. उत्तर आज देते. दोन मशिनं. पत्र लिहायला बसले म्हणून माझं थांबलंय, आणि धाकटी दर दोन टाक्यांनी मान वर करून बघतेय की मी कधी उठते.

लोभ होता तेवढाच आहे. पेटी उघडत जा.

तुमची,
आई